माळ्यावरच्या पेंटियमवर ओपनबीएसडी

दिवाळीआधी माळा आवरायला काढला की आमच्या कराडच्या घरी दरवर्षी एका पोत्यावरून बोलणं व्हायचं. पोत्यात बाबांचा २००३ सालचा कॉम्प्युटर होता. आईचं म्हणणं, भंगारवाल्याला द्या आणि जागा मोकळी करा. बाबा काही बोलत नसत, पोतं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत. शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी तो घेतला होता. मी तेव्हा बारावीत होते. सी भाषेतला माझा पहिला प्रोग्रॅम त्याच्यावर चालला, आणि आज ज्या कामावर माझं पोट भरतं त्या कामाची सुरुवात तिथली आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये दादाच्या मुलीनं पोत्यात डोकावून विचारलं, "आत्या, हा चालू होईल का गं?", तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणाले.

भाची आठवीत आहे. तिला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, पण हातात फोन आला की बाकी सगळं मागे पडतं हे तिचं तिलाच कळतं. इंटरनेट नसलेलं, फक्त लिहायचं-चालवायचं यंत्र तिला हवं होतं. सुट्टीचे पाच दिवस आम्ही दोघींनी त्यावर घालवले, आणि त्या पाच दिवसांत काय काय बिघडलं ते तिनं एका दोनशे पानी वहीत उतरवलं. डाव्या पानावर आपण काय केलं, उजव्या पानावर पडद्यावर काय आलं, ते अक्षर न अक्षर. ही कल्पना तिचीच. हे लिहिताना ती वही माझ्यासमोर आहे.

यंत्र असं: पेंटियम-४, १.८ गिगाहर्ट्झ. इंटेलच्या ८४५ मालिकेतल्या चिपसेटचा बोर्ड, ग्राफिक्स आणि नेटवर्क बोर्डावरच. ४० जीबीची आयडीई, म्हणजे चपट्या केबलनं जोडायच्या जुन्या पद्धतीची, हार्ड डिस्क. २५६ एमबी रॅमची मूळ पट्टी आणि नंतर केव्हातरी घातलेली तशीच दुसरी. सीडी ड्राइव्ह, आणि दोघांनी धरून उचलावा लागणारा जुना काचेचा मॉनिटर.

हा प्रोसेसर फक्त ३२ बिटांचा, आणि अडचण तिथूनच सुरू होते. लिनक्सच्या एकेका प्रकारानं अशी यंत्रं सोडून दिली: उबुंटूनं ३२ बिटी डेस्कटॉपची सीडी २०१७ मध्ये थांबवली, आर्च लिनक्सनं त्याच वर्षी, फेडोरानं २०१९ मध्ये ३२ बिटी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बंद केला. डेबियननं बरीच वर्षं साथ दिली, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत या जातीच्या यंत्रासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. डेबियनची बारावी आवृत्ती घालता आली असती. पण वाट बंद होत आलेल्या रस्त्यावर पोरीला उभं करायचं माझ्या मनात येईना. ओपनबीएसडी ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम मात्र आजही आय३८६ साठी, म्हणजे अशा ३२ बिटी यंत्रांसाठी, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. थिओ द राड्ट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून वेगळं होऊन सुरू केलेली ही सिस्टिम. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो मुख्यतः तिच्या मॅन पेजेसमुळे, म्हणजे आज्ञांची माहिती देणाऱ्या पानांमुळे. कंपायलर आणि सगळी माहिती सिस्टिमबरोबरच डिस्कवर येते. इंटरनेट नसलं तरी माणूस अडत नाही. योग असा की ७.८ ही आवृत्ती २२ ऑक्टोबरला, ऐन पाडव्याला बाहेर आली. भाऊबीजेचं जेवण झालं आणि आम्ही बसलो.

त्याआधीचं एक काम मात्र आम्ही दिवाळीपूर्वीच उरकलं होतं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. डिस्क काढली, आयडीई-यूएसबी अडॅप्टरनं माझ्या लॅपटॉपला जोडली आणि बाबांचं सगळं उतरवून घेतलं. प्रश्नपत्रिका, शाळेच्या स्नेहसंमेलनाची निवेदनं, आजीनं सांगितलेलं आणि बाबांनी टाइप केलेलं तिचं आत्मचरित्र. हे सगळं युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये आहे, म्हणजे फाँट नसेल तर उघडल्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गाळ दिसतो. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधले फाँटही उतरवले, आणि मगच डिस्क पुसली. जुन्या मराठी घरांतल्या डिस्का पुसण्याआधी हे कराच. फाइल टिकली आणि फाँट गेला, तर फाइल असून नसल्यासारखी.

कॅबिनेट उघडलं. आत धुळीची गादी. रंगाच्या कोरड्या ब्रशनं ती काढली. मग कपॅसिटर पाहिले, कारण त्या काळातल्या कितीतरी बोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटायचे. आमच्याकडचे सगळे माथ्याला सपाट होते. मोठा दिलासा. बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर काही नाही, आणि तीन बीप. इंटेलच्या बोर्डावर तीन बीप म्हणजे मेमरी. दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडांवरून कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर फिरवलं, भुगा झटकला, पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत दाबून बसवल्या. पडदा उजळला. भाचीनं वहीत पहिली नोंद केली. बायोसनं, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमनं, तारीख दाखवली १ जानेवारी २००२, ती मी दुरुस्त करून टाकली आणि पुढे गेले. ती तारीख म्हणजे स्पष्ट सूचना होती. मी ती ओलांडली, आणि त्याची किंमत नंतर मोजली.

आता आत शिरायचं कुठून? नवीन सीडी लिहिली, ड्राइव्ह घरघरली, थांबली, परत घरघरली. लेन्स पुसली, सर्वांत कमी वेगानं दुसरी सीडी लिहिली, तरी नाही. बाबांच्या जुन्या गाण्यांची छापील सीडी मात्र ती वाचत होती. घरी लिहिलेल्या सीडीवरून परावर्तन कमी येतं आणि म्हातारी लेसर तिथे कमी पडते. पेनड्राइव्ह बायोसला दिसेना. आय३८६ साठी ओपनबीएसडी आजही फ्लॉपीची प्रतिमा देते, पण आमची फ्लॉपी ड्राइव्ह केव्हाच काढून टाकलेली. डिस्क लॅपटॉपला लावून तिकडूनच इन्स्टॉल करणं शक्य होतं, पण भाचीला ते पटेना. तिचं म्हणणं, "मग ह्याच्यावर केलं असं कसं म्हणायचं?"

राहिला रस्ता नेटवर्कवरून बूट करण्याचा, म्हणजे पीएक्सई. बोर्डावरच्या इंटेलच्या नेटवर्क चिपमध्ये ती सोय होती, बायोसमध्ये चालू करावी लागली. लॅपटॉप आणि पेंटियम एका साध्या लॅन केबलनं थेट जोडले. पूर्वी असं जोडायला उलटसुलट तारांची क्रॉसओव्हर केबल लागायची, हल्लीचे गिगाबिट पोर्ट ते आपलं आपण जुळवून घेतात. लॅपटॉपवर डीएनएसमॅस्क चालवलं. ते एकटंच जुन्या यंत्राला आयपी पत्ता देतं आणि टीएफटीपी या साध्या पद्धतीनं फाइलही पुरवतं. टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये 'पीएक्सईबूट' ही फाइल आणि इन्स्टॉलरचा कर्नल, 'बीएसडी.आरडी'. पीएक्सईबूट काही न सांगता 'बीएसडी' नावाचा कर्नल शोधतो, म्हणून त्याची त्या नावानं एक प्रत करून ठेवली.

पहिल्या प्रयत्नाला पडद्यावर आलं: पीएक्सई-ई५३, नो बूट फाइलनेम रिसीव्ह्ड. मी केबल बदलली, पोर्ट बदलला, अर्धा तास गेला. भाची शेवटी म्हणाली, "आत्या, पण त्यानं लिहिलंय की नाव मिळालं नाही. केबल तुटली असं कुठे लिहिलंय?" बरोबर होतं तिचं. पत्ता मिळाला होता, म्हणजे केबल धड होती. डीएनएसमॅस्कच्या कॉन्फिगमध्ये फाइलचं नाव सांगणारी ओळ मी कॉमेंट करून ठेवली होती. ती उघडली. पुढची पाटी: पीएक्सई-ई३२, टीएफटीपी ओपन टाइमआउट. नाव कळलं, मागायला गेला, उत्तर नाही. लॅपटॉपचा फायरवॉल टीएफटीपीला लागणारं यूडीपीचं ६९ नंबरचं पोर्ट अडवत होता. तेवढं पोर्ट उघडलं आणि काळ्या पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीतल्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. ओपनबीएसडीच्या कर्नलचा हा रंग मला नेहमीच आवडतो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. उद्या पुढे करू म्हणून भिंतीवरचं बटण बंद करून झोपलो.

सकाळी यंत्र लावलं तर ते थेट डिस्ककडे गेलं आणि ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही म्हणून थांबलं. नेटवर्क बूटचा पर्यायच यादीतून गायब. मी बावचळले. रात्रीत डीएनएसमॅस्कमध्ये काय बिघडलं म्हणून लॅपटॉपचे लॉग वाचत बसले. भाची वहीची मागची पानं चाळत होती. तिनं पहिल्या दिवसाची नोंद दाखवली: तारीख १ जानेवारी २००२. बायोसमध्ये पाहिलं, पुन्हा तीच तारीख. बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर २०३२, मल्टिमीटरनं मोजली तर तीन व्होल्टच्या जागी एकाच्याही खाली. भिंतीवरचं बटण बंद झालं की बायोस तारखेबरोबर सगळ्या सेटिंगही विसरत होता. बाबा चौकातून नवी बॅटरी घेऊन आले. गाडीच्या रिमोटला, वजनकाट्याला लागते तीच ही बॅटरी, कुठेही मिळते. जुनं यंत्र उघडल्यावर सर्वांत आधी तीच बदलायला हवी होती. माझी एक अख्खी सकाळ गेली.

यानंतरचा इन्स्टॉलर म्हणजे साध्या प्रश्नांची मालिका. यंत्राचं नाव काय? भाचीनं 'पोतं' ठेवलं, रोमन अक्षरांत. नेटवर्क कार्ड कुठलं? एफएक्सपी-शून्य. डिस्क कुठली, सगळी वापरू का, आपोआप भाग पाडू का? ४० जीबीत त्यानं रूट, स्वॅप, टीएमपी, व्हार, यूएसआर, होम असे सगळे भाग नीट मांडून दिले. मग सेट्स, म्हणजे सिस्टिमच्या फाइलींचे गठ्ठे, कुठून घेऊ? ते मी लॅपटॉपवर उतरवून पायथनच्या एका ओळीच्या सर्व्हरनं एचटीटीपीवर ठेवले होते. एचटीटीपीएस जमत नाही, साधं एचटीटीपी वापरू का, असं त्यानं विचारलं. हो म्हटलं. यादी आली ती रिकामी. कारण छोटं होतं. फोल्डरमध्ये काय आहे हे इन्स्टॉलर 'इंडेक्स.टीएक्सटी' या फाइलीतून वाचतो, आणि मी फक्त मोठ्या फाइली उतरवल्या होत्या. ती फाइल आणि सह्यांची 'एसएचए२५६.सिग' दोन्ही आणून ठेवल्या. यादी भरली.

आणि मग खरी गाठ पडली. 'बेस७८' हा सर्वांत मोठ्या सेटपैकी एक. तो उतरला आणि पाटी आली: चेकसम टेस्ट फॉर बेस७८.टीजीझेड फेल्ड, कंटिन्यू एनीवे? पुढे कंसात 'नो'. म्हणजे फाइलच्या पडताळणीचा आकडा जुळत नाही, तरी पुढे जाऊ का? कुणीही सांगेल की डाउनलोड अर्धवट झालं असणार. मलाही तेच वाटलं. लॅपटॉपवर त्याच फाइलचा एसएचए२५६ काढला, सह्यांच्या फाइलीतल्या आकड्याशी ताडला. अक्षर न अक्षर बरोबर. पुन्हा सुरुवात केली. या वेळी बेस बिनबोभाट पार पडला आणि 'एक्सफाँट' अडकला. तिसऱ्यांदा 'कॉम्प'.

त्या क्षणी 'एनीवे'ला हो म्हणायचा मोह होतो. मी एकेकाळी म्हणालेही असते. पण भाचीच्या वहीत तीन ओळी एकाखाली एक होत्या: बेस, एक्सफाँट, कॉम्प. फाइल खराब असती तर दरवेळी तीच अडली असती. केबल खराब असती तर नेटवर्कचा प्रोटोकॉल पुन्हा मागवून घेतो आणि आयडीईच्या वाहतुकीवरही सीआरसीची, म्हणजे चूक पकडणाऱ्या आकड्याची, राखण असते. चूक जागा बदलत होती. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या फाइलीला एकच वाईट खड्डा लागत होता, आणि ज्यातून प्रत्येक फाइल जाते आणि ज्यावर कुणाची राखण नाही, अशी या यंत्रात एकच जागा. रॅम. साध्या घरगुती पट्ट्यांमध्ये चूक ओळखणारा जादा बिट नसतो. खोडरबरनं संपर्क सुधारला होता, आतली चिप नव्हे.

दुसरी पट्टी काढली, मूळ एकटी ठेवली, इन्स्टॉल केलं. सगळे सेट पार. खात्री हवी म्हणून उलट करून पाहिलं: दुसरी एकटी, मूळ बाहेर. पहिल्याच सेटला चेकसम फसला. त्या पट्टीवर मार्करनं फुली मारली. म्हणजे आता २५६ एमबी, त्यातलाही थोडा भाग बोर्डावरचं ग्राफिक्स खातं. पुरेल का अशी धाकधूक होती. पुरलं. शेवटी इन्स्टॉलर कर्नल नव्यानं जुळवतो, कारण ओपनबीएसडीत २०१७ पासून प्रत्येक यंत्राच्या कर्नलची मांडणी वेगळी असते आणि प्रत्येक बूटनंतर ती पुन्हा बदलली जाते, म्हणजे हल्ला करणाऱ्याला आतल्या जागा आधी ठाऊक नसतात. २५६ एमबीत त्या जुळवणीला वेळ लागतो, डिस्क किरकिरत राहते. यंत्र अडकलं असं वाटून बटण दाबू नये. आम्ही खाली जाऊन चहा करून आलो.

रीबूट. निळ्या ओळी धावल्या, आणि मध्येच पडदा काळा. मॉनिटरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबून पाहिली, तिचा दिवाही बदलेना, म्हणजे नुसता पडदा नव्हे, अख्खं यंत्र गोठलं होतं. इन्स्टॉलर चालला आणि ही सिस्टिम का चालत नाही, यातच उत्तर होतं: इन्स्टॉलरच्या छोट्या कर्नलमध्ये नसलेलं काहीतरी पूर्ण कर्नलमध्ये होतं. भाचीनं फोननं पडद्याचं चित्रीकरण केलं, आम्ही ते हळू करून पाहिलं. शेवटची दिसणारी ओळ होती इंटेलडीआरएम-शून्यची. बोर्डावरच्या इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर पडद्याचा ताबा घ्यायला जातो, आणि आमच्या जुन्या ८४५ ला ते झेपत नव्हतं.

ओपनबीएसडीत यावर एक सुंदर सोय आहे. बूटच्या प्रॉम्प्टला 'बूट -सी' लिहायचं. कर्नल सुरू होताना थांबतो आणि 'यूकेसी' असा प्रॉम्प्ट देतो. तिथे 'डिसेबल इंटेलडीआरएम', मग 'क्विट'. भाचीनं टाइप केलं. ओळी धावल्या, संपल्या, आणि पडद्यावर 'लॉगिन' आलं. ती खुर्चीवरून उठून बाबांना बोलवायला धावली.

मात्र ही आज्ञा त्या एका बूटपुरती. कायमची करायची म्हणून मी जुन्या सवयीनं 'कॉन्फिग' वापरून कर्नलची फाइल थेट बदलली. यंत्र सुरू झालं, पण प्रत्येक वेळी कर्नलची नवी जुळवणी फसल्याचा संदेश, आणि पाहा म्हणून एका लॉगचं नाव. लॉगमध्ये कारण होतं: कर्नलचा चेकसम नोंदीशी जुळत नाही. अर्थातच, कर्नल मी हातानं बदलला होता. सिस्टिमनं तो ओळखीचा नाही म्हणून हात लावला नाही, आणि ते योग्यच केलं. आजची रीत वेगळी आहे. 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'बीएसडी.आरई-कॉन्फिग' नावाची फाइल करायची, तिच्यात तीच ओळ, 'डिसेबल इंटेलडीआरएम'. जुळवणी करताना प्रत्येक वेळी ती वाचली जाते. चेकसमची नोंद नव्यानं केली, ही फाइल ठेवली, आणि तो विषय संपला. ही माहिती मला त्याच यंत्रावरच्या मॅन पेजमध्ये मिळाली, इंटरनेट न उघडता.

चौथ्या दिवशी वाटलं झालं सगळं. भाची सी शिकायला बसली आणि दर थोड्या वेळानं तिच्या लिखाणाच्या मधोमध कर्नलचा संदेश उगवायला लागला: डब्ल्यूडी-शून्य, इंटरफेस सीआरसी एरर, रीट्राइंग. मग, ट्रान्सफर एरर, डाउनग्रेडिंग टू अल्ट्रा-डीएमए मोड ४. बावीस वर्षांची डिस्क. घरातल्या सगळ्यांचं एकच मत पडलं, डिस्क गेली. कराडमधल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात आयडीई डिस्क मिळते का विचारायला दादा निघालाही होता. मी त्याला थांबवलं, कारण या वेळी मी संदेश वाचला होता. डिस्कच्या तबकडीवर खराब जागा असती तर शब्द वेगळे असते, 'अनकरेक्टेबल डेटा'. 'इंटरफेस' म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्या मधली वाट.

'एटीएसीटीएल' ही आज्ञा डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवते. पाच नंबरची नोंद, खराब म्हणून बदललेले सेक्टर: शून्य. १९७ नंबर, संशयित सेक्टर: शून्य. आणि १९९ नंबर, अल्ट्रा-डीएमएच्या सीआरसी चुका. ती मोठी होती, आणि दहा मिनिटांनी पाहिली तर आणखी वाढलेली. डिस्क निर्दोष, केबल दोषी. कॅबिनेट उघडलं. ८० तारांची चपटी आयडीई केबल कुणीतरी कधीतरी घडी घालून कोपऱ्यात दाबली होती आणि घडीवर तारा मोडल्या होत्या. पोत्यातून माळ्यावर सरकताना उरलेलं झालं असावं. हे काम चाळीस तारांच्या जुन्या केबलवरही चालतं, पण मग वेग सेकंदाला ३३ एमबीवर अडतो. ८० तारांच्या केबलमध्ये जादाच्या चाळीस तारा नुसत्या जमिनीच्या असतात, शेजारच्या तारांची कुजबुज अडवायला.

दादा आता केबल आणायला गेला. दुकानदारानं एका टोपलीतून उपसून दोन दिल्या, पैसे घेतले नाहीत. निळं टोक बोर्डाला, काळं डिस्कला, मधलं राखाडी रिकामं. यंत्र लावलं. मोड ५ वर, म्हणजे सेकंदाला १०० एमबीच्या वाटेवर, डिस्क स्थिर. १९९ ची नोंद आहे तिथेच थांबली. ती शून्य होत नाही, डिस्क आयुष्यभर जपते. भाचीनं तो आकडा वहीत लिहून ठेवला, म्हणजे पुढे कधी वाढला तर कळेल.

एक्स विंडो, म्हणजे खिडक्या आणि माउसचा पडदा, चालवायचं का हा प्रश्न होता. इंटेलडीआरएम बंद असल्यावर साधा व्हेसा ड्रायव्हर उरतो आणि त्यासाठी एक्सला मेमरीवर थेट हात देणारी 'अलाउअपर्चर' ही सेटिंग दोनवर न्यावी लागते. चाललं असतं. मी ते बंदच ठेवलं. भाचीला काळा पडदा हवाच होता. एक गोष्ट तिला लागली ती ही की कन्सोलवर देवनागरी दिसत नाही. तिला प्रोग्रॅममधून आपलं नाव मराठीत छापायचं होतं. ते इथे होणार नाही हे मी तिला सरळ सांगितलं. तिनं रोमनमध्ये छापलं, मग बाबांचं, आईचं, दादा-वहिनीचं. आईनं आपलं नाव पडद्यावर दोनदा वाचलं आणि आतून ओलं फडकं आणून मॉनिटर पुसला. यंत्र आता बाबांच्या टेबलावर आहे.

मी पुण्याला परतले. नोव्हेंबरात एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. लाइट गेली होती, यूपीएस नाही, यंत्र मध्येच बंद पडलं होतं आणि आता सुरू होत नव्हतं. मी विचारायच्या आत ती म्हणाली, "थांब, काय लिहिलंय ते वाचते." आणि तिनं वाचलं. अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके_एफएफएस मॅन्युअली. त्याखाली, ऑटोमॅटिक फाइल सिस्टिम चेक फेल्ड, हेल्प. त्याखाली, शेलचं नाव द्या किंवा रिटर्न दाबा.

"कुठल्या डिस्कच्या भागाचं नाव आहे त्याच्या वर?"

"डब्ल्यूडी-शून्य-के. म्हणजे होम. मी वहीत बघितलं. आत्या, १९९ वाढलेला नाही ना ते नंतर बघते. आधी रिटर्न दाबू?"

"दाब, मग एफएससीके चालव."

कळा दाबल्याचा आवाज आला, मग डिस्कची किरकिर फोनवरूनही ऐकू येत होती. ती प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचत होती आणि 'वाय' दाबत होती. सहा की सात वेळा. मग एक्झिट. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता पंखा.

"लॉगिन आलं," ती म्हणाली.